वेताळ टेकडीवर काढलेले नकाशे
मी पुण्यात डी.एल.एड.च्या, म्हणजे पुढे प्राथमिक शिक्षक होणाऱ्या, विद्यार्थ्यांना परिसर अभ्यास कसा शिकवायचा ते शिकवते. नकाशाच्या पाठाआधी त्यांना वेताळ टेकडीवर नेलं होतं. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, शहरातली सगळ्यात उंच टेकडी, एका बाजूला पाषाण तलाव आणि हवा स्वच्छ असली की लांब सिंहगडावरचा टॉवरही दिसतो. म्हटलं बसा आणि या जागेचा नकाशा काढा, बाकी नियम काही नाही.

बहुतेक मुलांनी लांबचं काढलं. डोंगररांगा, तलाव, रस्ते, दिशा दाखवणारा बाण. मुलींच्या कागदांवर मात्र पायवाट कुठे वळते, झाडी कुठे दाट आहे, चालायला येणारे लोक कुठे भेटतात, खाली रस्त्यावर लवकर कुठून उतरता येईल असलं सगळं होतं, आणि एकीने जुन्या दगडखाणीपाशी लिहिलेलं, "इथे एकटीने नाही." एका मुलाने तिला अगदी मनापासून विचारलं की हे नकाशात कशाला? ती म्हणाली, "तू संध्याकाळी सातला येतोस ना इथे एकटा? मी नाही येऊ शकत."

आता यावर "बायकांची नजरच वेगळी" असं म्हणून मोकळं होणारे खूप भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. कारण वेल्ह्याकडची एक मुलगी होती, लहानपणापासून शेळ्या राखलेली, तिने ना सिंहगड काढला ना पायवाट, तिने नुसतं गवत काढलं. कुसळी कुठे आहे, कुसळं धरायच्या आधी कापलं तर जनावर खातं, नंतर तोंडाला टोचतं म्हणून सोडून देतं, हे सगळं बाजूला लिहून. आणि जुन्नरकडच्या एका मुलाने, त्याच्या घरीही गुरं आहेत, जवळपास तेच काढलेलं! म्हणजे कोणाला काय काम पडलं आणि कोणाला कुठपर्यंत जाऊ दिलं, त्यावरून माणसाला जमीन दिसते. उद्या हीच पोरं तिसरी-चौथीच्या वर्गात उभी राहणार, मग फळ्यावर कोणाचा डोंगर येणार हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

खाणीपाशी लिहिणाऱ्या त्या मुलीचा नंतर चौथीवर सराव पाठ होता. पाठ टाचणात घर ते शाळा एवढाच नकाशा होता, तिने स्वतःहून अजून एक घातला, खेळायला कुठपर्यंत जाता ते काढा. मुलांचे नकाशे पार नाल्यापलीकडच्या मैदानापर्यंत गेले, बऱ्याच मुलींचे गल्लीच्या तोंडाशी थांबले, आणि एकीने तर फक्त घराचा ओटा काढला, त्यावर मांडीवर धाकटा भाऊ घेऊन बसलेली ती स्वतः.

ते नकाशे आता पालकसभेला वर्गाच्या भिंतीवर लावायचे ठरलंय, नावं न लिहिता. मुख्याध्यापक बाई लगेच हो म्हणाल्या, फक्त म्हणाल्या की सभा संध्याकाळी ठेवा, म्हणजे वडीलही येतील.