टायटनच्या आकाशात अडकलेला फोटॉन

शनीच्या टायटन या चंद्राचे वरचे वातावरण अतिनील प्रकाशात मंद उजळते. या एअरग्लोचे एक लहानसे मॉडेल सध्या मी फावल्या वेळात लिहीत आहे. सूर्याचे अतिनील फोटॉन नायट्रोजनच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात, ते इलेक्ट्रॉन इतर रेणूंवर आदळतात आणि उत्तेजित झालेले रेणू पूर्वस्थितीला येताना प्रकाश देतात, एवढे गणित सरळ आहे. पहिली चूक मात्र माझीच होती. मी वातावरण सपाट धरले होते. ज्या चंद्राची त्रिज्या २५७५ किलोमीटर आहे आणि जो सुमारे १००० किलोमीटर उंचीवर उजळतो, त्याच्या बाबतीत हे चालत नाही. सूर्य क्षितिजाशी येताच किरणांची वातावरणातली तिरकी वाट माझ्या गणितात भरमसाट वाढून उत्तर निरर्थक होत असे.

खरी मेख पुढे आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यानाने ९५.८ नॅनोमीटरच्या आसपास जो प्रकाश टिपला, तो नायट्रोजनच्या रेणूचा मानला गेला. तो एवढा होता की नुसत्या सूर्यप्रकाशाने त्याचा हिशेब लागेना, म्हणून शनीच्या चुंबकावरणातील (शनीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील प्रदेशातील) इलेक्ट्रॉनांकडे बोट दाखवले गेले. २००१ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल स्टीव्हन्स यांनी मात्र प्रकाश निर्माण किती होतो याबरोबरच त्यातला बाहेर किती पडतो, हेही गणिताने काढले. ९५.८६ नॅनोमीटरचा फोटॉन शेजारचा रेणू लगेच गिळतो आणि पुन्हा सोडतो; अशा असंख्य फेऱ्यांत कधीतरी रेणूच फुटतो, किंवा ऊर्जा ९८.०५ नॅनोमीटरच्या फोटॉनमधून निघते आणि त्याला मिथेन शोषून घेतो. म्हणजे वर्णपटातली ९५.८६ ची ही पट्टी बाहेरून जवळजवळ दिसायलाच नको. मग व्हॉयेजरला दिसले ते काय? सूर्यप्रकाशाने रेणू फुटताना उत्तेजित होणाऱ्या नायट्रोजनच्या अणूंच्या रेषा, असे स्टीव्हन्स यांचे उत्तर होते. पुढे कॅसिनी यानाच्या अतिनील वर्णपटमापकाने ९५.२ आणि ९६.५ नॅनोमीटरच्या अणुरेषा वेगळ्या करून दाखवल्या आणि ते उत्तर खरे ठरले. मला या साऱ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

नायट्रोजनच्या रेणूच्याच दुसऱ्या अतिनील पट्ट्यांचे, लायमन-बर्ज-हॉपफील्ड पट्ट्यांचे, असे नाही. त्यांच्यामागचे संक्रमण, म्हणजे रेणूची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवरची उडी, इतके दुर्मीळ आहे की रेणू आपलाच प्रकाश परत गिळत नाहीत, म्हणून माझ्या मॉडेलमध्ये त्या आधी जमल्या. ९५.८६ चा फोटॉन अजून माझ्या थरांमध्ये घुटमळतो आहे. मिथेनचे प्रमाण किंचित बदलले तरी ९८.०५ ची रेषा लगेच हलते.