आमच्या धुराड्याला चुना कसा लावला

आमचं न्यू जर्सीतलं घर १९२६ सालचं. घेताना किचन बघितलं, शाळा बघितली, धुराड्याकडे बघतो कोण. मग यंदा मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ड्राइव्हवेवर लाल पोपडे पडलेले दिसले, वर मान केली तर धुराड्याच्या निम्म्या विटांचे चेहरेच गळून गेलेले. आणि गंमत म्हणजे मधल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, मात्र एकदम ठणठणीत, विटांच्या पुढे आलेल्या, जाळी लावल्यासारख्या.

पहिला जो माणूस बोलावला तो शिडीवर चढलाही नाही, खालूनच म्हणाला विटा म्हाताऱ्या झाल्यात, सील करून टाकू. मी फोटो वाईला बाबांना पाठवले, ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेत. दोन मिनिटांत फोन. "अरे वीट वाईट नाहीये, कोणीतरी सिमेंटने दरजा भरल्यात. दरजा नेहमी विटेपेक्षा मऊ पाहिजे, झिजायचं तर तिने झिजायचं, ती परत भरता येते."

तर झालं होतं असं की आधीच्या मालकाने कधीतरी चुन्याच्या जुन्या दरजा उकरून कडक सिमेंट भरलं. आत शिरलेलं पाणी चुन्यातून सहज बाहेर पडतं, सिमेंटमधून नाही, मग ते मऊ विटेतून वाट काढतं. इथल्या थंडीत तेच पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, परत वितळतं, परत गोठतं, आणि विटेचा पुढचा थर उडतो. वरून सील मारलं असतं तर ओल आतच कोंडली असती. थोडक्यात जिथे चुना लावायचा तिथे सिमेंट लावून आम्हाला चुना लावला होता :)

दुसरा गवंडी मिळाला तो जुन्या घरांचंच काम करणारा, बाबांचंच वाक्य इंग्लिशमध्ये बोलला. पण आधी आतून कॅमेरा घालून बघू म्हणाला, आणि बघतो तर चिमणीत चिमण्या! म्हणजे आपल्या चिमण्या नव्हेत, चिमणी स्विफ्ट, पाकोळीच्या जातीची पाखरं, ह्यांना फांदीवर बसताच येत नाही, उभ्या भिंतीला चिकटून राहतात, घरटं लाळेने चिकटवतात. १९१८ च्या कायद्याने संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असताना घरट्याला हात लावायचा नाही. झालं, सगळं काम पाखरं दक्षिण अमेरिकेत निघून जाईपर्यंत लांबलं, आणि तिकडे थंडीच्या आत उरकायची घाई, कारण ४० फॅरनहाइटच्या खाली हे काम करायचं नसतं.

सप्टेंबरअखेर सुरू केलं. ग्राइंडर बहुतेक ठिकाणी वापरलाच नाही, विटेच्या कडा खातो म्हणून छिन्नी-हातोडीने पाऊण-एक इंच खोल उकरलं. माल १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग वाळू. गेलेल्या विटा पाडलेल्या घराच्या सामानातून आणल्या, नवीन कडक वीट जुन्यात बसवत नाही म्हणाला. धुराड्याचा माथा म्हणजे नुसता उरलेला माल थापलेला, तडकलेला, तो काढून काँक्रीटचा केला, चारी बाजूंनी दोनेक इंच बाहेर आणि खालून खाच, म्हणजे पाणी विटांवर न ओघळता थेंब थेंब खाली पडतं. छपराशी जिथे सांधा होतो तिथला पत्रा पण बदलला, खरं तर पाहुण्यांच्या खोलीतली ओल तिथूनच येत होती आणि मी दोन वर्षं खिडकीला शिव्या घालत होतो. खर्च विचारू नका.

पुढचे दिवस रोज सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल, पाणी मारलं का, गोणपाट ओलं आहे का, मला वर ने. मी शिडीवर एका हातात फोन, एका हातात स्प्रेची बाटली, शेजारचा म्हातारा हे बघायला मुद्दाम खुर्ची घेऊन बसायचा.

आता नोव्हेंबर. आतली काजळी साफ झालीय, वर जाळीची टोपी बसलीय, सुकं लाकूड आणलंय कारण ओल्या लाकडाने क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा चिकट थर, जमतं आणि मग धुराडंच पेटू शकतं. एकच वाद शिल्लक आहे. लेकीचं म्हणणं एप्रिलमध्ये टोपी काढायची, पाखरं येतील. बायकोला त्यांचा कलकलाट नको. बाबा लेकीच्या बाजूने आहेत, मी शिडीच्या.