वाऱ्यावाचून चालणारं जहाज

विजयदुर्गाजवळच्या गिर्यातल्या आमच्या घराच्या पडवीत आजोबांचा वाकस अजून टांगलेला आहे. दांडा दोनदा बदलला, पातं तेच. त्या वाकसाने त्यांनी किती मचवे तासले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. नकाशा नाही, कागद नाही. पठाण, म्हणजे होडीचा कणा, एकदा ओंडक्यांवर सरळ बसला की पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांत असायचं. बरगड्यांसाठी वाकडंच लाकूड हवं म्हणून ते रानात झाडांच्या फांद्यांचे बाक बघत फिरायचे. सरळ लाकूड कापून वाकवलेलं त्यांना चालत नसे. जन्मजात बाकाचं लाकूड लाटेला फुटत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी त्यांचा धंदा घेतला नाही. मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं वेल्डिंग केलं, त्यातली बरीचशी युद्धनौकांच्या तळाशी, दुहेरी पत्र्यांच्या मधल्या पोकळीत, पोटावर सरपटत. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गणपतीला घरी आलो तेव्हा आजोबांना मोठ्या अभिमानाने सांगायला बसलो: जहाज केवढं लांब, इंजिनं किती ताकदीची, पत्रा किती जाड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाण्यात किती बसता?"

म्हटलं, साधारण साडेसहा मीटर.

"मगे ता आमच्या खाडयेत कसा येतला?"

त्या वेळी मला वाटलं, आजोबांना काही कळलं नाही. आता निवृत्त होऊन गावी आलोय, रोज वाघोटणच्या खाडीकाठी फिरतो, रात्री आरमाराचं जे हाताला लागेल ते वाचतो, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही. इथल्या पाण्यावर झालेली एकेक लढाई वाचताना मी आधी तेच बघतो. जहाज पाण्यात किती बसत होतं?

चौलचंच घ्या. १५०८ चा मार्च. पोर्तुगीज व्हॉइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू आपली जहाजं घेऊन कुंडलिकेच्या मुखात होता. समोर इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची गलबतं. लोरेन्सूच्या जहाजाला पाण्याच्या रेषेजवळ गोळा लागला, पाणी भरू लागलं, जहाज जड झालं आणि ओढीबरोबर सरकत जाऊन अडकलं कशात, तर मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत! डोलीची जाळी लावायला आपले कोळी आजही खाडीच्या तोंडाशी असेच खांब रोवतात. ते जहाज तिथून निघालं नाही. लोरेन्सू तिथेच मारला गेला. त्या काळी जगात सगळ्यांत भारी समजली जाणारी तोफांची जहाजं, आणि त्यांतलं एक कोळ्यांच्या खांबांनी धरून ठेवलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, बापाने दीवला त्याचा सूड घेतला, आणि तिथे पोर्तुगीज तोफांपुढे कोणाचं काही चाललं नाही. हेही तितकंच खरं आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. युरोपची ती जहाजं दोन्ही कुशींना तोफा घेऊन फिरायची. त्यासाठी पोट रुंद, तळ खोल, बाजू उंच. उघड्या समुद्रात असं जहाज आडवं उभं राहिलं की त्याच्या कुशीसमोर यायची सोय नाही. आपल्याकडे अभिमानाच्या भरात लोक म्हणतात की मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांची गुराब, म्हणजे त्यांचं लढाऊ जहाज, कुठल्याही इंग्रजी जहाजाला भारी होती. मला ते पटत नाही. गुराब त्या कामासाठी बांधलेलीच नव्हती.

मग ती कशासाठी बांधली होती?

गुराब साधारण दीडशे ते तीनशे टनांची. दोन डोलकाठ्या, मोठी असेल तर तीन. रुंदीच्या मानाने तळ उथळ. मधल्या भागापासून पुढे ती निमुळती होत जाते आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, टोकदार, पाण्याबाहेर झेपावलेली. अशी नाळ समोरच्या लाटेत फार आपटते. मोठ्या जहाजाच्या पुढच्या तळघरात वेल्डिंग करताना चाचणीच्या फेरीत ते आपटणं मी हाडांत अनुभवलंय. आपल्या कारागिरांनी त्यावर काय केलं, तर नाळेवरच्या फळीला कडेचे कठडे ठेवलेच नाहीत. लाट वर चढली की दोन्ही बाजूंनी सरळ वाहून जाते, साचत नाही, आणि जहाज पुढून दबत नाही. त्या मोकळ्या नाळेच्या मागे एक आडवी लाकडी भिंत. भिंतीला भोकं पाडलेली आणि त्यांतून थेट पुढे रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या. कुशीलाही तोफा असत, पण लहान. गुराबीची खरी ताकद तोंडाकडे.

हे चित्र मी माझ्या भाचीच्या मुलाला पाटीवर काढून दाखवलं. तो सातवीत आहे. म्हणाला, "आजोबा, म्हणजे ती शत्रूकडे तोंड करूनच लढणार." बरोबर. आणि तोंड करून लढायचं, तर शत्रूच्या कुशीसमोर जाऊन चालत नाही. त्याच्या पाठीमागे जायला हवं, जिथे त्याच्याकडे तोफा नावापुरत्याच. पाठीमागे जायचं तर त्याने हलता कामा नये आणि आपल्याला हलता आलं पाहिजे. म्हणजे वारा पडलेला हवा.

वारा पडला की गलबतांचं काम सुरू. गलबत फार तर सत्तर टनांचं, एक मोठं तिकोनी शीड, चाळीस-पन्नास वल्ही. काहींवर वजन वाचावं म्हणून चिरलेल्या बांबूंचा तक्ता आणि त्यावर फक्त जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा. ही गलबतं दोर लावून गुराबा ओढत नेत, वाऱ्याविना खिळलेल्या जहाजाच्या पाठीशी आणून उभ्या करत. गुराबा डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर मारा करत. डोलकाठी पडली की जहाज लंगडं. मग गलबतं चहूकडून भिडत आणि माणसं तलवारी घेऊन वर चढत. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचं डर्बी हे मोठं जहाज याच रीतीने धरलं.

आणि वारा कधी पडतो हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा घाटाकडून समुद्राकडे सुटतो, इतका गार की खळ्यात बसवत नाही. ऊन चढलं की तो मरतो. दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो. मधले एक-दोन तास पाणी तेलासारखं. आमचे पागी, म्हणजे जाळी टाकणारे मच्छीमार, अजून त्याच हिशेबाने पहाटे बाहेर पडतात आणि दुपारच्या वाऱ्यावर परत येतात. आंग्र्यांची माणसं म्हणजे कोण? हेच गाबीत, हेच भंडारी, हेच कोळी आणि खारवी. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला ते मधले तास म्हणजे शाप होते. आपल्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, ती शिकारीची वेळ.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं एक प्रकरण आहे. आरमार हे राज्याचं एक स्वतंत्र अंगच आहे, हे त्यातलं वाक्य सगळीकडे छापलेलं दिसतं. मला मात्र त्याच प्रकरणातली दुसरी सूचना जास्त मोलाची वाटते. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. जी थोर जहाजं वाऱ्याशिवाय उपयोगाची नाहीत, ती बांधायची गरज नाही. चौतीस वर्षं मी जहाज बांधणीत काढली, पण जहाज कसं असावं याची इतकी नेमकी मागणी फार कमी वेळा ऐकली. त्याच प्रकरणात लाकडाबद्दलही आहे: आंबा-फणसाची झाडं आरमाराच्या कामाची खरी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादं फारच जुनं झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं, बळजबरी नको. युद्धनौकेची सुरुवात कोणाच्या तरी परसातल्या झाडापाशी होते, हे ज्याला ठाऊक तोच असं लिहील.

लाकूड मुख्यत्वे साग. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल त्यांना राखतं. पुढे इंग्रजांनीही हे ओळखलं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची बांधलेली ट्रिंकोमली १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

खांदेरीची लढाई मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिथे दोन्ही प्रकारची जहाजं समोरासमोर आली आणि दोघांचंही खरं रूप दिसलं. १६७९ साली शिवाजी महाराजांची माणसं मायनाक भंडाऱ्यांच्या हाताखाली थळसमोरच्या त्या बेटावर तट उभारू लागली. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना कसा चालेल? त्यांनी जहाजं आणून बेट वेढलं. १८ ऑक्टोबरच्या सकाळी मराठ्यांची पन्नासेक गलबतं वल्हवत थेट अंगावर आली. इंग्रजांच्या डव्ह नावाच्या गुराबीने निशाण उतरवलं, बाकीची छोटी जहाजं पळाली. उरली एकटी रिव्हेंज, आणि त्या एकट्या जहाजाने कुशीच्या तोफा चालवून आपली गलबतं मागे हटवली, काही बुडवली. तो दिवस रिव्हेंजचा होता, हे कबूल करायला मला जड जात नाही.

पण बेट कोणाकडे राहिलं? रात्री अंधारात थळहून होड्या निघत, दाणा, दारूगोळा, चुना, माणसं घेऊन, आणि मोठ्या जहाजांच्या मधून निसटून खांदेरीला लागत. पाठलाग केला तर त्या खाडीत शिरत, जिथे मोठ्या जहाजाचा तळ रुततो. इंग्रज महिनोन्‌महिने हे बघत राहिले आणि १६८० च्या सुरुवातीला निघून गेले. तट पुरा झाला. आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीचं नाव आज खांदेरी आहे. पाण्याखालून नजर चुकवून जाणाऱ्या बोटीला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

इंग्रजांनाही उशिरा का होईना हे कळलं की आपलं जहाज खोल बसतं. १७२० साली आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चाल करताना त्यांनी मुद्दाम एक वेगळीच वस्तू बांधून आणली. फ्राम तिचं नाव. सपाट तळाची, उथळ पाण्यात किल्ल्याजवळ सरकू शकेल अशी तरंगती बुरूजवजा बॅटरी, भिंती इतक्या जाड की गोळा आत शिरू नये, आणि वर अठ्ठेचाळीस पौंडी तोफा. पण झरोके असे ठेवलेले की तोफांची तोंडं हवी तेवढी वर उचलता येईनात, गोळे पाण्यात पडू लागले. किल्ला तसाच उभा राहिला. ज्यांनी ती बांधली त्यांच्याबद्दल मला कळवळाच येतो. विचार अगदी बरोबर होता, माप चुकलं. माप चुकलं की काय होतं ते गोदीत काम केलेल्याला कळतं.

आणि मग १७५६. हे लिहायला मला त्रास होतो. फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसनची मोठी जहाजं आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर आली, आणि जमिनीवरून त्यांच्या बाजूने पेशव्यांचं सैन्य होतं. तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार किल्ल्याच्या कुशीत, खाडीत, एकमेकांना बांधून उभं. जी गलबतं मोकळ्या पाण्यात सावजाच्या पाठीमागे फिरायची, ती इथे शेजारी शेजारी खुंटाला. १२ फेब्रुवारीला एक पेटता गोळा रिस्टोरेशनवर पडला. हे इंग्रजांचंच जहाज, तुळाजींनी १७४९ साली धरून आणलेलं. ते पेटलं, त्याची आग शेजारच्या गुराबीला, तिची पुढच्या गुराबीला. बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. वॉटसनच्या तोफा भारी होत्याच, पण मला वाटतं आरमार मेलं ते दोरांनी. एकेक तांडेलाला मोकळं सोडलं असतं तर रात्रीच्या ओहोटीबरोबर निम्मी गलबतं तरी निसटली असती. आमच्या घरी आजोबांनी दोन होड्या कधीच एकमेकींना बांधून ठेवू दिल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "जुन्या मानसांनी सांगलेला."

जळालं त्यानंतरही काम थांबलं नाही. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप इथेच विजयदुर्गाला बसत, आणि १७८३ च्या एप्रिलात त्यांनी इंग्रजांचं रेंजर हे जहाज पकडलं.

परवा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, भाचीच्या मुलाला घेऊन आमच्या गावच्या जुन्या गोदीत उतरलो. कातळ फोडून काढलेली आहे ती. जहाज भरतीला आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, पाणी गेलं की तळ उघडा पडतो, मग शेवाळ-शंख खरवडायचे, फळ्यांच्या सांधी भरायच्या. पंप नाही, इंजिन नाही, सगळं काम चंद्राकडून करून घेतलेलं. मी पावलांनी लांबी मोजली, एकशे सेहेचाळीस भरली. तोंडाची खोली मोजायला दोराला दगड बांधून नेला होता. मला भरतीच्या वेळचं पाणी किती चढतं ते बघायचं होतं, म्हणजे आत येणारी गुराब पाण्यात किती बसत असेल ते कळलं असतं. पण चिखल गुडघ्यापर्यंत होता, दगड रुतला, आणि मुलाने वर बघून सांगितलं की पाणी फिरलं.

दोर वर घेतला. अमावस्येला सुकती याहून खाली जाते, तेव्हा लांब बांबू घेऊन पुन्हा जाणार आहे.