आधी पंखा, मग मोटर : आमची वाटचाल

माझ्या बाबांनी लोहार चाळीत पस्तीस वर्षं मोटारी भरल्या. सिलिंग फॅनच्या, मिक्सरच्या, पाण्याच्या पंपाच्या. जळालेली तार कापून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, तांब्याचे वेढे मोजून भरायचे आणि वर वार्निश. त्या वार्निशचा वास रात्री त्यांच्या शर्टाबरोबर आमच्या गिरगावातल्या खोलीत यायचा. आज आम्ही रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), बॅटरी आणि प्रॉप (पुढचा पंखा, प्रोपेलर) जुळवून देतो. हा धंदा मला बाबांनीच शिकवला, पण मी त्यांना विचारायला फार उशीर केला.

विमानांचं वेड मला कॉलेजात लागलं. तेव्हा ग्लो इंजिनं होती. मिथेनॉल आणि नायट्रोचं इंधन, त्यात एरंडेल तेल. दहा मिनिटं उडवायचं आणि अर्धा तास विमान पुसत बसायचं. मग ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हाताशी आल्या, तसा मी लॅमिंग्टन रोडजवळ एका दुकानाचा पोटमाळा भाड्याने घेतला. सोल्डरिंग धाकट्या बहिणीकडे, विक्री माझ्याकडे. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, एवढीच समज होती.

मग रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आले. सव्वा मीटर पंखांचं, दोन किलोचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं अॅरोबॅटिक, म्हणजे हवेत कसरती करणारं विमान त्यांनी आठ महिने खपून स्वतः बांधलं होतं. ते म्हणाले, ताकद भरपूर हवी. मी ९०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ९०० फेऱ्या) मोटर, चार सेलची बॅटरी, ६० अँपिअरचा ईएससी आणि १४ बाय ७चा प्रॉप दिला. म्हणजे १४ इंच व्यास आणि ७ इंच पिच, एका फेरीत प्रॉप जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर. प्रत्येक वस्तू चांगली होती. त्यांचा एकमेकींशी मेळ बसतो का, हे मी मोजलं नव्हतं.

कर्जतच्या पुढे, भातकापणी झालेल्या मोकळ्या जागेवर मीही गेलो होतो. दोन वेळा विमान सरळ वर चढलं. तिसऱ्या चढणीला पोटातून धुराची बारीक रेघ निघाली आणि विमान हातातून गेलं. सर्व्होंना, म्हणजे पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारींना, वीज ईएससीतल्याच बीईसीमधून (मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटमधून) मिळत होती. ईएससी मेला तसे सर्व्होही मेले. काका काही बोलले नाहीत. बांधावर वाकून बाल्साचे तुकडे एकेक करून पिशवीत भरत राहिले. मी त्यांचे सगळे पैसे परत केले, पण त्यांचे आठ महिने मला परत करता येणार नव्हते.

ती जळालेली मोटर मी घरी आणली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, घंटा (मोटरचं बाहेरचं फिरणारं कवच) काढून बाजूला ठेवली आणि काळ्या पडलेल्या स्टेटरवर, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या वेढ्यांच्या भागावर, अंगठ्याच्या नखाने वेढे मोजले.

"अरे, वेढे कमी म्हणजे वेग जास्त. याला छोटा पंखा लागतो. एवढा मोठा लावलास कसा?"

केव्ही म्हणजे काय हे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना पाठ करून सांगत होतो : भाराशिवाय एका व्होल्टला मिनिटात होणाऱ्या फेऱ्या. पण तो आकडा म्हणजे ताकद नाही, हे बाबांच्या त्या वाक्याने डोक्यात शिरलं. प्रॉपचा भार फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने आणि व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो. तेवढ्याच वेगाने फिरवायचा तर १३ इंचांच्या जागी १४ इंचांचा प्रॉप लावल्यावर मोटरला जवळजवळ एकतृतीयांश जास्त काम पडतं. नंतर तसाच सेट वॉटमीटरवर लावला, तर काटा ८० अँपिअरच्या वर गेला. ईएससी ६०चा होता.

तेव्हापासून आम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी विमानाचं उडतं वजन. साधे लूप आणि रोल करायचे तर किलोमागे सव्वादोनशे वॉटच्या आसपास पुरतात. प्रॉपवर लटकून राहायचं, म्हणजे थ्रीडी, तर साडेतीनशे ते साडेचारशे धरावे लागतात. मग जमिनीपासूनचं अंतर बघून प्रॉप ठरवायचा, कारण थ्रीडीला मोठा व्यास आणि कमी पिच हवा. मग सेल किती, आणि सगळ्यात शेवटी केव्ही. दोन किलोच्या आतल्या विमानाला चार सेल, ७५० केव्ही आणि १३ बाय ६.५ हे गणित छान बसतं. सव्वादोन-अडीच किलोला मी सहा सेलच सुचवतो. ४५० केव्हीच्या आसपासची मोटर, १५ बाय ८चा प्रॉप. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच वॉटला अँपिअर कमी लागतात, आणि तारांतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ईएससी लागणाऱ्या अँपिअरपेक्षा निदान पाव भाग मोठा घ्या. बॅटरीच्या लेबलवरचा सी आकडा, म्हणजे ती क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते तो, आम्ही निम्मा धरतो. आणि सहा सेलच्या विमानात बीईसी वेगळा, याबाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही. कुणी रागावून दुसरीकडे गेलं तरी चालेल.

लॉकडाऊनमध्ये धंदा बसला. पाठोपाठ २५ ऑगस्ट २०२१ला ड्रोन नियम आले. छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची २५ किलोपर्यंतची विमानं त्यात 'मॉडेल' म्हणून वेगळी धरली आहेत. ९ फेब्रुवारी २०२२ला तयार ड्रोनची आयात बंद झाली; सुटे भाग त्यातून वगळले होते, म्हणून आम्ही तरलो. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ असलेल्या मुंबईत उडवायला जागा नाहीच, त्यामुळे आमचे लोक रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडतात. मांडीवर पंख, पायाशी बॅटऱ्यांची पेटी. जाण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पावसाळ्यात पोटमाळ्यावर बांधकामाचे दिवस असतात. बॅटऱ्या सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. भरलेल्या ठेवल्या की फुगतात. बाबा दुपारी येऊन बसतात. गिऱ्हाइकांनी जाळलेल्या मोटारी त्यांच्यासाठी एका डब्यात ठेवलेल्या असतात. हात थरथरतो, तरी छोट्या स्टेटरच्या बारा खाचा ते भिंगाखाली अजून स्वतः भरतात. एक वेढा कमी की जास्त, एवढंच मला विचारतात.

गेल्या श्रावणात काका परत आले. नवीन विमान, दीड मीटर पंख, दोन किलो तीनशे ग्रॅम. सहा सेलचा सेट बसवला. बहिणीने शेपूट धरून ठेवलं, मी बॅटरी पूर्ण भरून दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल दिला. मीटरवर ५१ अँपिअर आणि अकराशे वॉटच्या थोडं वर. हवेत गेल्यावर भार आणखी हलका होतो. काकांनी मोटरला बोट लावून बघितलं, मग बाबांकडे वळले. दोघंही वायरीच्या धंद्यातले. पुढचा तासभर आमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मोटर घ्यायला याल तेव्हा विमान सोबत आणा, निदान सांगाडा तरी. वजनकाटा आणि मीटर आमच्याकडे आहे.