पाणी काळं दिसतंय म्हणजे डिस्पर्शन टिकलं असं नाही

कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) पाण्यात टाकून प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं दांडीचं यंत्र) लावला की थोड्याच वेळात पाणी शाईसारखं होतं, आणि डिस्पर्शन, म्हणजे ट्यूब पाण्यात सुट्या पसरून राहणं, जमलं असं वाटून तिथेच फसगत होते. मिलीला ०.१ मिग्रॅ एवढ्या पातळ द्रावणाची बाटलीसुद्धा काळीकुट्ट दिसते. निम्मा माल तळाला बसला तरी वरून काही कळत नाही.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, ट्यूब सुट्या ठेवणारं साबणासारखं रसायन) विरघळवा आणि त्यात १० मिग्रॅ मल्टिवॉल, म्हणजे एकात एक अनेक भिंतींच्या, ट्यूब घाला. पावडर उडते, तेव्हा मास्क हवाच. आधी थोड्या द्रावणाने ती ओली करून घेतलेली बरी. सोनिकेटर २ सेकंद चालू, २ सेकंद बंद. नोंदवहीत नुसतं ‘३० मिनिटं, ६० टक्के अ‍ॅम्प्लिट्यूड’ (प्रोबच्या कंपनाचा जोर) लिहून उपयोग नाही, दुसऱ्या मशीनवर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. १०० मिली साधं पाणी घेऊन मिनिटभर प्रोब सलग चालवा आणि तापमान बघा. ६ अंश वाढलं तर १०० × ४.१८ × ६ ÷ ६०, म्हणजे साधारण ४२ वॅट पाण्यात गेले. लिहायचं ते हे.

मग सेंट्रिफ्यूज: ३००० जी (गुरुत्वाच्या ३००० पट), २० मिनिटं. वरचा ८० टक्के भाग अलगद काढा, कारण प्रोबच्या टोकाचे झिजलेले टायटॅनियमचे कणही तळाशीच असतात.

किती ट्यूब तरंगत राहिल्या ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो त्यावरून कळतं. हे अ‍ॅब्सॉर्बन्स ०.२ ते ०.८ मध्ये येईल इतकं पातळ करा, पण साध्या पाण्याने नव्हे. एसडीएस लिटरला साधारण २.३ ग्रॅमच्या खाली गेलं की मायसेल (एसडीएसच्या रेणूंचे पुंजके) मोडतात आणि ट्यूब गोळा व्हायला लागतात. म्हणजे मोजतानाच नमुना बिघडवला. पातळ करायला तेच १ टक्का द्रावण, ब्लँकही (तुलनेसाठीचा ट्यूब नसलेला नमुना) त्याचाच. ट्यूबचं शिखर २६० नॅनोमीटरच्या आसपास असतं खरं, पण एसडीएसऐवजी एसडीबीएस हे त्याच जातीचं रसायन वापरलं असेल तर त्याची बेंझिनची कडीही तिथेच शोषते. ६६० नॅनोमीटरवर वाचा, कटकट मिटते.

बाटली न हलवता दर वेळी पृष्ठभागाखाली २ सेंमीवरून नमुना घ्या: ० तास, १ तास, २४ तास, ७ दिवस, ३० दिवस. पहिल्या वाचनाशी टक्केवारी काढा. झीटा पोटेन्शिअल (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या विद्युतभाराचं माप) उणे ३० मिलिव्होल्टपलीकडे असलं की चांगलं मानतात, पण तो आकडा आजचा. महिन्याभराची हमी नाही. डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत, कण गोल धरून चालते, त्यामुळे ट्यूबसाठी ती फक्त तुलनेपुरती.

नाशिकमध्ये दोन गोष्टी हमखास नडतात. पहिली बोअरचं पाणी. खडकातून आलेलं कॅल्शियम एसडीएसला धरून न विरघळणारा क्षार बनवतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेच कारण. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही. इन्व्हर्टरसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तरी कंडक्टिव्हिटी (क्षार किती आहेत ते सांगणारी विद्युतवाहकता) तपासूनच वापरा.

दुसरी थंडी. एसडीएस साधारण १६ अंशांखाली स्फटिक होऊन बाहेर पडतं, आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत त्याच्या कितीतरी खाली जातो. रात्रभर टेबलावर राहिलेली बाटली सकाळी तळाशी पांढरी दिसते. सोनिकेशनच्या बर्फाच्या भांड्यातही हेच होऊ शकतं, म्हणून बर्फाचे दोन-चार तुकडे टाकून २० ते २५ अंश राखा. बाटली कोमट केली की एसडीएस पुन्हा विरघळतं, पण तोवर एकमेकींना चिकटलेल्या ट्यूब आपोआप सुटत नाहीत. तो नमुना बाद करून नवा लावा.