औषध तेच, कबूतरही तेच

औषधशास्त्र शिकताना प्रत्येक औषधाच्या नावापुढे एक विशेषण पाठ करावे लागते: हे शामक, ते उत्तेजक. या विशेषणांवरचा माझा विश्वास पहिल्यांदा डळमळला तो पीटर ड्यूज यांचे काम वाचताना.

१९२२ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले ड्यूज वैद्यकाचे पदवीधर. १९५३ मध्ये ते हार्वर्डमध्ये ऑटो क्रेयर यांच्या औषधशास्त्र विभागात रुजू झाले. (ज्यू प्राध्यापकाला हटवून रिकामी केलेली जागा १९३३ मध्ये नाझी राजवटीत नाकारणारे ते हेच क्रेयर.) तिथे वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगपद्धतीशी ड्यूज यांचा परिचय झाला आणि पुढच्या संशोधनाची दिशाच ठरून गेली.

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. भुकेले कबूतर पेटीतल्या चकतीवर चोच मारते. एका नियमानुसार पन्नासाव्या टोचेला दाणे मिळतात. दुसऱ्या नियमानुसार पंधरा मिनिटे उलटल्यानंतरच्या पहिल्या टोचेला. प्रत्येक टोचेसरशी सरकत्या कागदावरची लेखणी किंचित वर चढते, त्यामुळे पहिल्या नियमात सरळ, खडी रेघ उमटते, तर दुसऱ्यात आधी जवळजवळ सपाट असलेली रेघ वेळ भरत आली की वर वळते. मग कबुतराला पेंटोबार्बिटाल हे बार्बिट्युरेट गटातले, शामक म्हणून ओळखले जाणारे औषध इंजेक्शनने दिले जाते. ज्या मात्रेने दुसऱ्या नियमाखालचे टोचणे जवळपास थांबते, त्याच मात्रेत पहिल्या नियमाखालचे टोचणे चालू राहते, कधी वाढतेही. मग हे औषध शामक म्हणायचे की नाही? ते त्या क्षणी कबूतर कोणत्या नियमाने वागत आहे यावर अवलंबून, असे उत्तर त्या रेघांनी दिले, आणि प्राण्याची भीती किंवा चिंता यांविषयी तर्क न लढवता केवळ मोजता येणाऱ्या वर्तनावरून ते मिळाले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

पुढे ॲम्फेटामिन या उत्तेजक म्हणवल्या जाणाऱ्या औषधावरच्या कामातून एक सूत्र पुढे आले: मुळात मंद असलेले वर्तन हे औषध वाढवते, वेगवान वर्तन घटवते. मात्र शिक्षेच्या धाकाने मंदावलेल्या वर्तनाला हे सूत्र नीट लागू पडत नाही; तिथे बार्बिट्युरेट औषधांनी वर्तन वाढते, ॲम्फेटामिनने सहसा वाढत नाही. म्हणजे वेग तेवढा मोजून भागत नाही. तो कशामुळे मंदावला आहे, हेही पाहावे लागते.