विमानाचा दरवाजा आणि कायदा

गेल्या आठवड्यात थोरल्या बहिणीला मुंबईच्या विमानात बसवून देण्यासाठी उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, गेलो होतो. परतताना भाच्याने विचारले, “मामा, विमान जमिनीवर उभे असतानाच कोणी ताब्यात घेतले, तर त्याला अपहरण म्हणतात का?” वकिलीत इतकी वर्षे काढूनही मला घरी येऊन कायदा उघडावा लागला.

१९६३ च्या टोकियो करारात अपहरणाचा उल्लेख आहे, पण विमानाचा ताबा वैमानिकाला परत मिळावा आणि प्रवाशांना पुढे जाऊ द्यावे, एवढ्यापुरताच. त्याला स्वतंत्र गुन्हा ठरवले ते १९७० च्या हेग कराराने, आणि ज्या देशात अपहरणकर्ता सापडेल त्याने त्याला स्वाधीन करावे, नाहीतर स्वतः खटल्यासाठी प्रकरण आपल्या यंत्रणेकडे सोपवावे, असे बंधनही घातले. हा करार अंमलात येण्याआधीच, जानेवारी १९७१ मध्ये, श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ विमान लाहोरला नेऊन पुढे जाळण्यात आले. त्यावरून भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले आणि तो वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला.

भाच्याच्या प्रश्नाची मेख मात्र दरवाजात आहे. हेग करारानुसार प्रवासी चढल्यावर बाहेरचे सर्व दरवाजे बंद झाले की विमान ‘उड्डाणात’ आले, आणि उतरण्यासाठी त्यांतला एखादा उघडला की उड्डाण संपले. आपल्या १९८२ च्या अपहरणविरोधी कायद्यानेही हीच व्याख्या उचलली होती. म्हणजे दरवाजा उघडा असताना कोणी विमान बळकावले, तर इतर कलमे लागली असती, पण अपहरणाचे नाही. मला ही तेव्हाची मोठीच पोकळी वाटते. हेग करारात सुधारणा करणाऱ्या २०१० च्या बीजिंग प्रोटोकॉलने ती बुजवली. त्याला अनुसरून केलेला आपला २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात विमान ‘सेवेत’ असताना बळकावले तरी ते अपहरणच, आणि हा ‘सेवेत’ असण्याचा काळ उड्डाणपूर्व तयारीपासून विमान उतरल्यानंतर २४ तासांपर्यंत धरला आहे. विश्वसनीय वाटेल अशी धमकीही आता अपहरणाच्या गुन्ह्यात मोडते. शिक्षा उरलेल्या आयुष्यभराचा कारावास आणि दंड. ओलिसाचा किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याचा मृत्यू ओढवल्यास फाशीही.

फाशीची ही तरतूद मला थोडी अडचणीची वाटते, कारण फाशी नसलेले देश अशा आरोपीला सोपवायला कचरतात. त्यावर तोड म्हणून आपल्या प्रत्यार्पण कायद्यात, अशा देशाने सोपवलेल्या आरोपीला फाशीऐवजी जन्मठेपच देता येईल, असे कलम आहे.

कोल्हापूर–मुंबईसारख्या निव्वळ देशांतर्गत फेरीला हेग करार एरवी लागूच होत नाही. तिथे भिस्त आपल्याच कायद्यावर. भाच्याला रात्री फोन करून सांगितले, “होय, दरवाजा उघडा असला तरी.”